पॅड, घर आणि विल्मा

मी, लायल वायनो कोर्पी, वय शेहेचाळीस, राहणार टॅमारॅक नॅरोज, उत्तर ऑन्टॅरिओ, पूर्वी पोटासाठी बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर, हल्ली गावच्या शाळेत बदली शिक्षक, माझ्या पश्चात कोणाचे काय व्हावे हे या कागदावर नोंदवत आहे. मी शुद्धीवर आहे. पंचवीसेक हिवाळे ज्याच्या डोक्यावर गोठवलेल्या रबराच्या चकत्या आदळल्या त्याने असे लिहावे, याचे वकीलबाईंनाही हसू आले, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली आहे, पुढच्या आठवड्यात शहरातल्या इस्पितळात तिची शस्त्रक्रिया आहे, आणि विचारशक्ती शाबूत आहे, असे त्यात म्हटले आहे. या शस्त्रक्रियेतून बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात, असेही डॉक्टर म्हणाले. "बहुतेक" हा शब्द मी संघांच्या मॅनेजरांच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे. "बहुतेक तुला यंदा ठेवू." म्हणून हा कागद.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मीच एका व्यक्तीवर दडपण आणतो आहे की काय, अशी शंका मात्र आहे. ती कलम दोनमध्ये.

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द. ते एकच आहे. चोविसाव्या वर्षी, आयोवाच्या रस्त्यावर, संघाच्या बसमध्ये, माझा तेव्हाचा सोबती फर्नान बोलियू याच्या आग्रहाने बर्गरच्या कागदावर लिहिलेले. त्यात माझी गंजकी गाडी त्याला आणि त्याचे घोरणे मला, अशी वाटणी होती.

कलम २. माझी मुलगी विल्मा चौदा वर्षांची आहे. तिची आई रेने सहा वर्षांपूर्वी आजाराने गेली. तेव्हा मी इटलीतल्या एका डोंगराळ गावात राखीव गोलकीपर होतो, आणि त्या दिवशी विल्माला शाळेतून आणायला माझी बहीण लेम्पी गेली होती. मुलीला काय सांगितले, कसे सांगितले, हे मी लेम्पीला अजून विचारलेले नाही. मी त्यानंतर खेळणे सोडून घरी आलो.

माझ्या पश्चात विल्माची पालक लेम्पी कोर्पी हिने व्हावे अशी माझी इच्छा आहे. ती माझ्याहून एका वर्षाने मोठी, अविवाहित, नगरपालिकेची बर्फ हटवणारी गाडी चालवते आणि हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. हे लिहिताना तिने हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही. "बघू" म्हणाली आणि गाडीत बसून गेली. तिचा होकार नसेल तर हे कलम नुसता कागद आहे. मग विल्माला रेनेच्या मावसबहिणीकडे, व्हँकूव्हरला, जावे लागेल. ती बाई चांगली आहे, पण विल्मा तिला फक्त लग्नात आणि अंत्यविधीत भेटलेली आहे.

गुंता आणखी आहे. विल्माही गोलकीपर आहे. दक्षिणेतल्या एका हॉकी-शाळेने तिला पुढच्या शरदापासून बोलावले आहे. राहायची सोय तिथल्या एखाद्या कुटुंबात, जशी माझी झाली होती. तिला जायचे आहे. लेम्पीसमोर हॉकीचे नाव काढले की ती खिडकीबाहेर बघते. जिला या खेळाने दुखावले तिच्याच हाती मी खेळणारी मुलगी देतो आहे. हे बरोबर आहे का, ते मला ठरवता आलेले नाही.

कलम ३. घर. आईवडिलांचे हे घर वडिलांनी माझ्या एकट्याच्या नावे केले होते, "लायल कमवून दुरुस्त करील" म्हणून. मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत छपरालासुद्धा हात लावला नाही. हे घर, मागची सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि अंगण मी लेम्पीला देतो, "तिचे जे गेले त्याची भरपाई म्हणून". हे शब्द वकीलबाईंना अनावश्यक वाटतात. मला वाटत नाहीत, आणि कारण इथेच लिहून ठेवतो.

आमच्या लहानपणी गोलकीपरचे पॅड घरोघरी नसत. क्लबचा एकच संच असे, आणि जे मूल गोलमध्ये उभे राहायला तयार होई त्याच्या घरी तो हिवाळाभर मुक्कामाला येई. आमच्या घरी तो लेम्पीसाठी आला. ती अकरा वर्षांची होती. मुलींचा संघ नव्हता, म्हणून ती मुलांत खेळे, वेणी मास्कच्या आत खोचून. कागदावर नाव "एल. कोर्पी" एवढेच. गावात सगळ्यांना ठाऊक होते, आणि सगळे गप्प होते. चेंडू पकडणारी मांजर असते तशी ती चकती पकडे, बघायच्या आधीच. दोन हिवाळ्यांनी शेजारच्या गावातल्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात, एक मुलगा तिच्या अंगावर पडला, मास्क निघाला आणि वेणी बर्फावर आली. पंचाने शिटी वाजवली. त्या स्पर्धेतले आमचे सगळे विजय पुसून टाकले. आमचे लोक तिच्यावर रागावले नाहीत. प्रत्येकाने तिला काहीतरी गोड खायला दिले, ते जास्त वाईट होते.

नंतर क्लबचे गृहस्थ पॅड न्यायला आले तेव्हा वडील दारातच म्हणाले, "राहू द्या इथेच. लायल उभा राहील."

मी तोवर पुढच्या फळीत खेळत होतो, वाईट खेळत होतो. मला कोणी विचारले नाही. मी बारा वर्षांचा होतो, नाही म्हणता आले असते का, यावर मी बसच्या प्रवासांत पुष्कळ विचार केला आहे आणि उत्तरापर्यंत पोचलेलो नाही. कागदावरचे नाव बदलावे लागले नाही. लेम्पीने त्या दिवसापासून रिंकमध्ये, त्या बर्फाच्या मैदानात, पाऊल ठेवलेले नाही. ती माझ्याहून चांगली होती. हे मी नम्रपणाने म्हणत नाही. दुसऱ्या गोलकीपरकडे बघत बसणे हाच माझा धंदा होता, मला दर्जा कळतो.

कलम ४. पॅड, हातमोजे, स्टिका आणि दोन्ही मास्क विल्माला. पॅड तिला मोठे होतील. गावात ज्याला लागतील त्याला तिने वापरायला द्यावे. फक्त विकू नये.

या कलमात माझा धंदा काय होता तेही नोंदवतो, कारण नोंदपुस्तकांत तो सापडायचा नाही. राखीव गोलकीपर सरावाला सगळ्यांच्या आधी बर्फावर जातो आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतो, म्हणजे ज्यांना जास्तीचा सराव हवा त्यांना नेम धरायला कोणीतरी असते. सामन्यात तो टोपी घालून बाकाच्या टोकाला बसतो आणि बर्फावरून घसरत येणाऱ्या खेळाडूंसाठी रिंकच्या फळ्यांच्या कुंपणातले दार उघडतो. दार क्षणभर लवकर उघडले तर चकती आत येते, उशिरा उघडले तर माणूस आदळतो. मला ते छान जमे. आयोवा, आयडाहो, मेन, न्यू ब्रन्सविक, मग समुद्रापलीकडे डेन्मार्क आणि इटली, मी इतक्या गावांतली दारे उघडली की काही गावांची नावे आता अडखळून आठवतात.

सर्वांत वरच्या लीगमध्ये मला एकदा बोलावले. तिथला राखीव आजारी होता. माझ्या नावाची जर्सी रातोरात शिवली. दुसऱ्या सत्रात त्यांचा गोलकीपर गुडघा धरून पडला आणि उठेना. कोचने बाकाच्या टोकाकडे बघून मान हलवली. मी टोपी काढली, मास्क चढवला, दाराशी उभा राहिलो. अठरा हजार माणसे माझ्याकडे बघत होती, आणि मला फक्त एकच आठवते, की मला वाटले, आता लेम्पी असती तर. मग तो गोलकीपर उठला, पाय झटकला आणि गोलमध्ये गेला. मी बसलो. जो बर्फावर उतरला नाही तो खेळला असे नोंदवत नाहीत, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. ती जर्सी कपाटात वरच्या कप्प्यात आहे. तिचे काय करावे हे मला कळत नाही. विल्माने तिच्यात झोपावे, मऊ आहे.

कलम ५. सोळाव्या वर्षी मी घर सोडले. आमच्याकडे रीतच आहे. मूल बरे खेळू लागले की मोठ्या गावचा संघ त्याला नेतो, परक्या कुटुंबात खोली मिळते, आणि त्याआधी गाव रिंकमध्ये केक कापते. माझ्या केकवर साखरेचे पॅड होते. आगीच्या बंबाने भोंगा वाजवत मला वेशीपर्यंत पोचवले. आई टाळ्या वाजवत होती. आता मी स्वतः बाप आहे, आणि त्या टाळ्या वाजवताना तिला काय झाले असेल हे विचारायला ती नाही. लेम्पी आली नव्हती. राग धरून बसली, असे मी समजलो.

ज्यांच्या घरी मी राहिलो त्या मिसेस ओल्गा हुडिमा अजून हयात आहेत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला मुलाची रिकामी खोली दाखवली आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर नळ सोडून रड. आमच्या घरात भिंती पातळ आहेत, आणि माझे यजमान मऊ मनाचे आहेत, तेही रडायला लागतात." त्यांना माझ्या आईची निळी कॉफीची किटली द्यावी. "तुम्ही घरच्यासारखं वागवलंत" असे मी त्यांना सांगितले होते. ते खरे होते, आणि घर नव्हते हेही खरे होते.

कलम ६. होडी आणि तिचे इंजिन फर्नान बोलियूला. इंजिन आधी शिव्या खाते, मग चालू होते. शिव्या फ्रेंचमधल्या चालतात.

कलम ७. कोच डार्विन लूमिस यांना काहीही नाही, आणि ते मुद्दाम लिहावे असा माझा हट्ट आहे. मेनमध्ये मी गोलमध्ये असताना सलग चार सामने जिंकल्यावर त्यांनी मला बोलावून म्हटले, "लायल, तू शिकलेला आहेस, तुला समजेल," आणि दुसऱ्याच सकाळी मला आयडाहोला पाठवले. मला समजले नाही. अजून समजलेले नाही. हे कलम खोडावे का, असे मनात आले होते. ठेवतो.

कलम ८. बसमध्ये लिहिलेल्या डायऱ्या विल्माला. वाचाव्यात किंवा सॉनाच्या चुलीत घालाव्यात. त्यांत गुपिते नाहीत. काय खाल्ले, रस्ता कसा होता, आणि मी आज बरे वागलो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पुढच्या पानावर ढकललेले आहे.

कलम ९. इथवरचा मसुदा तयार असताना रविवारी दुपारी लेम्पी सॉनासाठी आली. नंतर वेलचीचा गोड पाव आणि कॉफी घेताना मी तिला कागद दिला. तिने तो उभ्यानेच वाचला. जे झाले ते मी इथे जसेच्या तसे घालतो. वकीलबाई म्हणाल्या, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणालो, याच्याशिवाय बाकीचे बसत नाही.

"भरपाई?" लेम्पी म्हणाली. "हे काय लिहिलंयस?"

"तुझं जे गेलं त्याची."

"माझं काय गेलं?"

"पॅड. खेळ. ती जागा तुझी होती, लेम्पी."

ती हसली, मग कॉफी सांडू नये म्हणून कप खाली ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं तू समजतोयस, मी पॅडसाठी रडतेय?"

"तू रिंकमध्ये पाऊल टाकत नाहीस."

"दिवसभर बर्फात असते मी. संध्याकाळी तिकीट काढून आणखी बर्फ बघू?" तिने कागद उलटा केला, मागे काही लिहिले आहे का बघितले. "मला सांग, साक्षीदाराला यातलं काही मिळतं का?"

"नाही. साक्षीदाराच्या नावे ठेवलेलं रद्द होतं."

"झालं तर मग. आण पेन. मी साक्षीदार होते."

"आणि विल्मा?"

"विल्मा काय किल्ली आहे का, घराबरोबर खिळ्याला टांगून द्यायला? भरपाई दिली की तू मोकळा. सुटलास. मला तुला सोडवायचं नाहीये."

मी विचारले, मग पस्तीस वर्षे कशाचा राग आहे. ती खिडकीपाशी गेली. मला वाटले आता ती निघणार.

"पॅड गेले तेव्हा वाईट वाटलं," ती म्हणाली. "एक हिवाळा. खोटं नाही सांगत. पण तू आत आलास, पायाला पॅड बांधून, पेंग्विनसारखा, आणि म्हणालास, लेम्पी, कसं उभं राहायचं ते दाखव. मी दाखवलं. रोज दुपारी अंगणात चकत्या मारल्या तुला. इतकी मजा मला गोलमध्येसुद्धा नव्हती आली. आणि तू चांगला झालास, गाढवा. चांगला झालास म्हणून तुला नेलं."

"तू केक कापायला आली नव्हतीस."

"पुलाखाली बसले होते. बंबाचा भोंगा ऐकू येऊ नये म्हणून. पुलाखाली जास्तच घुमतो, तेवढीसुद्धा अक्कल नव्हती मला." तिने नाक पुसले. "सोळाव्या वर्षी माझा भाऊ गेला, आणि चाळिसाव्या वर्षी एक पाहुणा आला, त्याला टॉवेल कुठे असतात ते माहीत नव्हतं. आणि आता तू लिहितोस, विल्माला मी सांभाळायचं, म्हणजे मी तिला पण केक कापून घालवू. नाही जमणार मला. मुलं घालवायची आणि टाळ्या वाजवायच्या, हे मला येत नाही."

जे दुःख मी इतकी वर्षे तिचे म्हणून जपून ठेवले ते तिचे नव्हतेच, आणि जे तिचे होते त्याच्याकडे मी कधी बघितले नाही.

तेवढ्यात विल्मा सॉनातून ओल्या केसांनी दारात आली. किती ऐकले होते कोण जाणे.

"मला कोणी विचारणार आहे, की मी पण साक्षीदार होऊ?"

"आगाऊपणा करू नकोस," लेम्पी म्हणाली. "बस. पाव खा. जायचंय तुला?"

"जायचंय." मग पाव न घेताच ती म्हणाली, "पण कोणाच्या तरी मुलाच्या खोलीत नाही राहायचं. बाबाने नळाची गोष्ट सांगितलीय मला. तो विनोद म्हणून सांगतो. मला ती विनोदी नाही वाटत."

मी तिला ती गोष्ट खरोखरच विनोद म्हणून सांगत आलो होतो.

लेम्पीने पावाची ताटली तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "तिकडे दक्षिणेत बर्फ पडतो?"

"आत्या, कॅनडातच आहे ते."

"पडतो का, ते सांग."

"पडतो."

"मग तो हटवायला कोणीतरी लागतच असेल." ती माझ्याकडे वळली. "मी तिला पाठवणार नाही, लायल. मी तिला नेईन. शाळा सुटली की ती माझ्या घरी येईल आणि कुरकुर करील, आणि मी ओरडेन. हे चालत असेल तर लिही. आणि तो शब्द खोड."

"गाव सोडशील तू?"

"सोडते कसली. परत येईन की. तुझ्यासारखी चोवीस वर्षांनी नाही."

कलम १०. म्हणून कलम दोन व तीन आता असे वाचावे. माझ्या पश्चात विल्माची पालक लेम्पी. तिला विचारले, तिने हो म्हटले. घर विल्माचे, लेम्पीने हयातभर त्यात हक्काने राहावे. दोघी दक्षिणेत असतील तोवर ते भाड्याने द्यावे की बंद ठेवावे हे दोघींनी ठरवावे, आणि न पटल्यास भांडावे. बँकेत जे थोडे आहे ते दोघींच्या तिकडच्या बिऱ्हाडासाठी. "भरपाई" हा शब्द खोडला आहे. तो खोडलेला दिसावा म्हणून पान नव्याने लिहिलेले नाही.

विल्मा निघेल तेव्हा रिंकमध्ये केक कापू नये. बंबवाल्यांना मी स्वतः सांगितले आहे. ते नाराज झाले.

कलम ११. मी इस्पितळातून घरी आलो तर बिऱ्हाड तीन खोल्यांचे बघावे, असे लेम्पीने बजावले आहे. याला कायद्याचे बळ नाही. तरी लिहून ठेवतो, कारण इतक्या गावांत राहून झाल्यावर आपल्यासाठी खोली ठेवा असे मी कोणालाच सांगितले नव्हते, आणि हे मागायचे असते हे मला फार उशिरा कळले.

वरील सर्व मी वाचले, पुन्हा वाचले, आणि त्यात आता काही बदलावेसे वाटत नाही. निदान आज नाही.

लायल वायनो कोर्पी
(सही)

लायल कोर्पी यांनी आमच्या दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष केली. या कागदातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: ऑरविल पेल्तो, निवृत्त खाणकामगार, शेजारी (सही)
साक्षीदार २: डेनीझ क्वॉन, शाळेच्या ग्रंथपाल (सही)

मिस लेम्पी कोर्पी या वेळी खोलीत हजर होत्या. त्यांनी साक्षीदार म्हणून सही केलेली नाही.

स्थळ: टॅमारॅक नॅरोज, ऑन्टॅरिओ
दिनांक: १३ नोव्हेंबर २०१८